ऑनलाइन एटीसीसह विमान सिम्युलेशन

घरच्या संगणकावर सिम्युलेटरमध्ये विमान उडवायचे आणि परवानगी, उंची, दिशा या एटीसीच्या (हवाई वाहतूक नियंत्रणाच्या) सूचना मात्र इंटरनेटवर त्याच वेळी हजर असलेल्या खऱ्या माणसाकडून घ्यायच्या, असा हा छंद. व्हॅटसिम (स्थापना २००१) आणि आयव्हीएओ (१९९८) ही त्यातली दोन मोठी जाळी, म्हणजे ऑनलाइन नेटवर्क. दोन्ही विनाशुल्क आहेत. वैमानिक हौशी, तसे नियंत्रकही हौशीच.

मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर १९८२ पासून आहे. एक्स-प्लेन हा दुसरा सिम्युलेटरही बराच वापरला जातो. अशा सिम्युलेटरमध्ये संगणकाचा स्वतःचा एटीसी असतो, पण तो ठरावीक वाक्यांपलीकडे जात नाही आणि प्रसंगी विमान सरळ डोंगराच्या दिशेने पाठवतो. माणूस समोर असला की अडचण सांगता येते, थांबायला सांगता येते, बोलणीही खावी लागतात. खरी गंमत तिथे आहे.

नाशिकच्या सिमरचे, म्हणजे सिम्युलेटरवर उडणाऱ्याचे, घरचे विमानतळ म्हणजे ओझर. शहरापासून सुमारे २० किलोमीटरवरचे हे विमानतळ हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्याचे. १९६४ मध्ये मिग-२१ बनवण्यासाठी तो उभा राहिला, पुढे तिथे सुखोई-३० तयार झाली. म्हणून धावपट्टी तब्बल तीन किलोमीटरची, प्रवासी टर्मिनल मात्र २०१४ चे. जाळ्यावर त्याची ओळख व्हीएओझेड या चार अक्षरांनी होते.

ओझर ते मुंबई सरळ रेषेत जेमतेम १६० किलोमीटर. जेट विमान वर चढून स्थिरावते न स्थिरावते तोच उतरायची तयारी करावी लागते, त्यामुळे अंतर लहान म्हणून नवख्याने निवडलेले हे उड्डाण त्याला घाम फोडते. उजवीकडे अंजनेरी-त्र्यंबकची रांग, डावीकडे १,६४६ मीटरचे कळसूबाई. दिशा नैर्ऋत्य, म्हणून उंचीची पातळी सम घ्यायची, उदाहरणार्थ १२ हजार फूट; परतताना विषम.

ओझरला कोणी नसले तरी मुंबईच्या वरच्या पदावरचा, म्हणजे मोठे हवाई क्षेत्र सांभाळणारा, नियंत्रक साधारणपणे खालच्या विमानतळांचेही पाहतो. त्याच्याकडून क्लिअरन्स, म्हणजे उड्डाणाची परवानगी, येतो: ‘क्लिअर्ड टू मुंबई, फ्लाइट लेव्हल वन टू झिरो, स्क्वॉक टू सिक्स थ्री सेव्हन.’ फ्लाइट लेव्हल वन टू झिरो म्हणजे १२ हजार फूट, आणि स्क्वॉक म्हणजे रडारवर विमान ओळखू यावे म्हणून दिलेला चार अंकी कोड. हे जसेच्या तसे परत म्हणून (हाच रीडबॅक) शेवटी आपले कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचे विमानाचे नाव, जोडायचे. बरोबर असेल तर ‘रीडबॅक करेक्ट’, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. स्क्वॉकच्या चार अंकांत ८ आणि ९ कधीच नसतात. ते ऐकू आले तर चूक आपल्या कानाची समजावी. नवख्याची पहिली भीती विमान आपटण्याची नसतेच, बोलण्याचे बटण दाबल्यावर तोंडातून शब्द न फुटण्याची असते.

कोणीच नियंत्रक नसेल तेव्हा १२२.८ या सामाईक फ्रिक्वेन्सीवर आपली हालचाल आपणच जाहीर करायची. मुंबईचा नियंत्रक चोवीस तास बसलेला नसतो, तेव्हा नाशिकवरून उडणाऱ्याला याची सवय ठेवावीच लागते. गर्दी हवी असेल तर युरोपची संध्याकाळ गाठावी, म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे साडेअकरा आणि पुढे. घरातले झोपलेले असताना ‘रेडी फॉर डिपार्चर’ दबक्या आवाजात म्हणावे लागते. वेळा सगळ्या यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, दिलेल्या असतात. भारतीय वेळेसाठी त्यात साडेपाच तास मिळवायचे.

नियंत्रक होण्यासाठी लेखी परीक्षा आणि मार्गदर्शकासोबत सराव लागतो. आधी ग्राउंड (जमिनीवरची ये-जा), मग टॉवर (धावपट्टी), मग अॅप्रोच (विमानतळाभोवतालचे आकाश) आणि शेवटी संपूर्ण हवाई क्षेत्र. हे काम वैमानिकापेक्षा अवघड आहे, आणि त्याला दाद मात्र कमी मिळते. घरच्या सिम्युलेटरवरचे तास वैमानिकाच्या परवान्यासाठी धरले जात नाहीत.

व्हॅटसिमवर किमान वय १३. विमान चालू ठेवून अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ उठून जाता येत नाही. अपहरणाचा ७५०० हा स्क्वॉक कोड वापरायला सक्त मनाई आहे. इंजिन बंद पडल्याचा बनाव चालतो, पण नियंत्रकाला तेवढी सवड नसेल तर त्याच्या सांगण्यावरून संकट तिथल्या तिथे मिटवावे लागते, नाहीतर जाळ्यावरून बाहेर पडावे लागते.