शोधयंत्रणेचे कॉन्फिगरेशन नेमके कोणाला विचारायचे?

सोलापुरातील चादर-टॉवेल उत्पादकांच्या मालाची सूची ऑनलाइन शोधता यावी म्हणून आम्ही दोन सर्व्हरवर सोलर हे शोधाचे सॉफ्टवेअर बसवले होते (उन्हाळ्याच्या या गावात ते नाव ऐकून लोकांना आधी गच्चीवरची पॅनेलच आठवत). ‘चद्दर’ असे टाइप केले की कधी भरपूर माल दिसे, तर लगेच पुन्हा शोधल्यावर काहीच नाही, कारण शोध कधी एका सर्व्हरकडे जाई, कधी दुसऱ्याकडे. समानार्थी शब्दांच्या फाइलमधली ‘चद्दर, चादर’ ही ओळ मुख्य सर्व्हरवर घातलेली होती, पण दुसऱ्यावर पोहोचलीच नव्हती.

या घोळाचे मूळ त्या काळच्या रचनेत होते. डग कटिंग यांनी १९९९ मध्ये लिहिलेले ल्युसीन ही नुसती लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅममध्ये जोडायचा शोधाचा तयार कोड होती. योनिक सीली यांनी २००४ मध्ये सीनेट कंपनीत तिच्याभोवती सर्व्हर उभा केला, आणि २००६ मध्ये अपाची या मुक्त सॉफ्टवेअर संस्थेकडे गेलेला तो सोलर प्रत्येक मशीनवरच्या फोल्डरमधून आपापले कॉन्फिगरेशन, म्हणजे शोध कसा चालावा हे ठरवणाऱ्या फाइली, वाचत असे. २००९ च्या १.४ आवृत्तीपासून इंडेक्सबरोबर (मालाच्या शोधसूचीबरोबर) या फाइलीही दुसऱ्या सर्व्हरवर पाठवण्याची सोय झाली खरी. पण इंडेक्समध्ये नवी नोंद होईपर्यंत बदललेली फाइल जागची हलत नसे. आमच्याकडे त्या आठवड्यात नवा माल चढलाच नव्हता.

ऑक्टोबर २०१२ मध्ये आलेल्या सोलर ४.० च्या सोलरक्लाउड पद्धतीने हे कॉन्फिगरेशन मशीनवरून काढून, याहूमध्ये जन्मलेल्या झूकीपर या अनेक सर्व्हरांची सामायिक माहिती सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या स्वाधीन केले. सगळे नोड (सोलर चालणारे सर्व्हर) तिथली एकच प्रत वाचू लागले आणि ‘डाउनकॉन्फिग’ या आज्ञेने ती कोणत्याही मशीनवर उतरवून घेता येऊ लागली. झूकीपरच्या एका नोंदीला साधारण १ एमबीची मर्यादा असल्याने मोठे शब्दकोश मात्र तिथे अडतात.

२०१५ च्या ५.० आवृत्तीत कॉन्फिग एपीआय, म्हणजे चालू सोलरलाच सेटिंग विचारण्याची व बदलण्याची सोय, आली आणि प्रश्नाला नवा फाटा फुटला. त्यातून केलेले बदल कॉन्फिगरेशनच्या मूळ एक्सएमएल फाइलीत न जाता ‘कॉन्फिगओव्हरले’ नावाच्या वेगळ्या फाइलीत साठतात. त्यामुळे केवळ एक्सएमएल वाचणाऱ्याला अर्धेच चित्र दिसते, तर एपीआयला विचारल्यास दोन्ही मिळून लागू असलेले उत्तर मिळते. शाय बॅनन यांच्या इलॅस्टिकसर्च या दुसऱ्या शोध सॉफ्टवेअरने (२०१०) झूकीपर टाळून क्लस्टरची (एकत्र चालणाऱ्या सर्व्हरांच्या गटाची) स्थिती क्लस्टरमध्येच ठेवली, पण तिथेही सेटिंग विचारल्यावर फक्त मुद्दाम बदललेली मूल्ये दिसतात. मूळची हवी असतील तर तसे सांगून मागावी लागतात.

आम्ही आता बदल करण्याआधी झूकीपरमधली प्रत आणि एपीआयचे उत्तर, दोन्ही उतरवून ठेवतो. नवी फाइल चढवल्यावर कलेक्शन (सोलरमधली आमची सूची) रिलोड करायचे राहिले, तर झूकीपरमध्ये ‘चद्दर’ असते आणि चालू नोडच्या मेमरीत नसते.