मेडिकल मिशनची टीम म्हणजे छोटं मिशन हॉस्पिटल नव्हे

चर्चची एखादी टीम आठ-दहा दिवस ग्वाटेमालाला किंवा हैतीला दवाखाना चालवून आली की कौतुकाच्या लेखात मिशनरी डॉक्टर अल्बर्ट श्वाइट्झर हमखास डोकावतात. श्वाइट्झर 1913 साली आफ्रिकेतल्या गॅबॉनमधल्या लांबारेनेला गेले, तिथे मिशन हॉस्पिटल उभं केलं आणि 1965 मध्ये तिथेच वारले. टीम रविवारी उतरते आणि पुढच्या आठवड्यात परतीच्या विमानात असते. दोन्हींत सेवाभाव आहे, प्रार्थना आहे, पैसा देणगीतून येतो. पण साम्य तिथेच संपतं.

मिशन हॉस्पिटल वाचकाला ठाऊक असतं: वॉर्ड, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग स्कूल, केसपेपर. टीमचा दवाखाना मात्र एखाद्या शाळेत किंवा चर्चच्या हॉलमध्ये भरतो. एका टेबलावर बीपी मोजायचं, दुसऱ्यावर डॉक्टर आणि दुभाषी, तिसऱ्यावर औषधं. स्वयंसेवक रजा काढून येतात, तिकिटाचे पैसे बहुधा स्वतःच उभे करतात. सगळ्यांचे टी-शर्ट एकाच रंगाचे असतात. ते का लागतात, मला आजवर कळलेलं नाही.

खरा फरक मुक्कामाच्या लांबीचा, असं बहुतेकांना वाटतं. गोंधळ नेमका इथेच होतो. मर्सी शिप्स या ख्रिस्ती सेवासंस्थेचं हॉस्पिटल-जहाजही एका जागी कायमचं राहत नाही, साधारण दहा महिन्यांनी बंदर सोडतं. प्रश्न असा आहे की पेशंट दुसऱ्यांदा आला तर त्याला कोण भेटणार?

जंताची अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची एक गोळी द्या, बहुतेक वेळा काम झालं. वाचायचा चष्मा द्या, झालं. असल्या कामाला टीम उत्तम, आणि त्याला नाकं मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण बीपी 180 निघालेल्या बाईला महिनाभराच्या गोळ्या देऊन काय साधतं? एकतिसाव्या दिवशी ती कुठे जाणार? बीपीला सहसा लक्षणं नसतात. गोळ्या संपल्या, त्रास काही नाही, म्हणजे बरं झालं, असं ती समजली तर तिला दोष कसा द्यायचा? तिकडे टीमच्या अहवालात मात्र ती ‘उपचार केलेले रुग्ण’ या आकड्यात जमा झालेली असते. हा आकडा मला मुळीच पटत नाही. एकदा तपासलेल्यांना तपासलेले म्हणावं.

मोतीबिंदूचं ऑपरेशन काही मिनिटांत उरकतं, पण थेंब काही आठवडे घालायचे असतात. पहिल्या काही दिवसांत डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग झाला, तर वेळेवर उपचार न मिळाल्यास नजर जाऊ शकते. जन्मतः वाकड्या पावलाच्या बाळाला पोन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला नवं प्लास्टर लागतं, तेही पाच-सहा आठवडे आणि कधी त्याहून जास्त. त्यानंतर पावलं सरळ धरून ठेवणारा ब्रेस, आधी तीनेक महिने जवळजवळ दिवसरात्र आणि मग चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत रात्री. आठवड्याभराच्या टीमने पहिलं प्लास्टर घालून निघून जावं, यापेक्षा हात न लावलेला बरा. तिथल्याच कोणाला ही पद्धत शिकवून आली, तर गोष्ट वेगळी.

औषधांच्या पेट्यांचं थोडक्यात: देणगीतली औषधं पोचताना मुदतीला किमान वर्ष शिल्लक असावं, असं जागतिक आरोग्य संघटनेची 1996 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. सॅम्पलच्या उरल्यासुरल्या पट्ट्या बॅगेत कोंबणाऱ्यांनी ती वाचावीत. आणि अजून डॉक्टर न झालेल्या विद्यार्थ्याला ‘तिकडे चालतं’ म्हणून दात उपटायला देणं कुठल्याच देशात चालू नये.

काही टीमा तिथल्याच मिशन हॉस्पिटलच्या किंवा सरकारी दवाखान्याच्या हाताखाली काम करतात. पेशंट तिथल्या लोकांनी निवडायचे, केसपेपर त्यांच्याकडे राहायचा, गोळी तिथे पुढेही मिळणारीच लिहायची. माझ्या खिशातली देणगी अशाच टीमला जाते. बाकीच्यांनी पैसे मागितले, तर मी आधी तिथल्या नर्सचं नाव विचारते.