गरम भात फ्रिजमध्ये ठेवला तर चालतो

‘अन्न पार गार झाल्याशिवाय फ्रिजमध्ये ठेवू नका, नासतं’ असं आपल्याकडे वर्षानुवर्षं सांगितलं जातं. नासतं ते उलट बाहेर ठेवल्याने. शिजवलेलं अन्न २ तासांत फ्रिजमध्ये जायला हवं. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरात. आणि सोलापूरचा मे महिना तर चाळिशी ओलांडतो! दुपारपाळीला जाताना ओट्यावर झाकून ठेवलेला भात रात्री येऊन खाणाऱ्यांची मला खरंच काळजी वाटते. भातातल्या बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक कवचातली सुप्त रूपं, शिजवूनही मरत नाहीत. कोमट भातात जिवाणू झपाट्याने वाढतात आणि त्यांचं उलट्या करवणारं विष भात पुन्हा गरम केला तरी जात नाही. वासावरून कळेलच असंही नाही.

फक्त वाफाळतं मोठं पातेलं तसंच आत ढकलू नका, शेजारचं अन्न तापतं. भात-वरण पसरट डब्यांत थोडं थोडं काढा, वाफ निवली की ठेवून द्या. पाळी संपवून आल्यावर वरणाला लसणाची फोडणी द्या, खळखळून उकळा. दहा-पंधरा मिनिटांत ताट तयार. कडक भाकरी आणि शेंगाचटणी कोरडी असते, ती मात्र डब्यात बाहेरच राहू द्या.