स्कॉटिश कादंबरी

स्कॉटलंडमध्ये किंवा स्कॉटिश लेखकांनी लिहिलेली कादंबरी. इंग्रजी, स्कॉट्स (इंग्रजीची जवळची भगिनीभाषा) आणि गेलिक (केल्टिक कुळातली भाषा) अशा तीन भाषांच्या या देशात कादंबरी मुख्यतः इंग्रजीत वाढली. पात्रे स्कॉट्स बोलणार आणि निवेदक प्रमाण इंग्रजीत सांगणार, ही वाटणी मात्र तिच्यात दीर्घकाळ टिकली. ती कोणी कशी मोडली हे पाहत गेले, तर जुन्या-नव्या पुस्तकांतला धागा लवकर हाती लागतो.

वॉल्टर स्कॉटची ‘वेव्हर्ली’ (१८१४) निनावी प्रसिद्ध झाली. १७४५ च्या जॅकोबाइट उठावाच्या, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याला गादी परत मिळवून देण्यासाठी झालेल्या बंडाच्या, या कथेने युरोपात ऐतिहासिक कादंबरीची लाट आणली. एडिंबरोच्या मुख्य रेल्वेस्थानकाला याच कादंबरीमालेचे नाव आहे. मराठीत ह. ना. आपटे यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांची चर्चा निघाली की स्कॉटही निघतोच. सुरुवातीची प्रकरणे मात्र आजच्या वाचकाचा अंत पाहतात. आधी जेम्स हॉगची ‘द प्रायव्हेट मेमॉयर्स अँड कन्फेशन्स ऑफ अ जस्टिफाइड सिनर’ (१८२४) घ्यावी, हे बरे. आपला उद्धार ईश्वराने आधीच ठरवला आहे, मग खून केला तरी काय बिघडते, असे मानणाऱ्या तरुणाची ही गोष्ट. तीच हकिगत एकदा संपादक सांगतो, एकदा तो तरुण स्वतः. आणि त्याला चिथावणारा सोबती सैतान की मनाचा भास, हे हॉग शेवटपर्यंत कळू देत नाही. मेंढपाळ म्हणून वाढलेला हा लेखक कादंबरीत स्वतःही डोकावतो. त्या तरुणाचे थडगे उकरायला निघालेली मंडळी त्याला वाट दाखवायला बोलावतात, तेव्हा मेंढ्यांच्या बाजारात आपल्याला कामे आहेत म्हणून तो चक्क नकार देतो. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची ‘किडनॅप्ड’ (१८८६) मुलांची म्हणून बाजूला ठेवली जाते, ते चुकीचे आहे.

लुईस ग्रासिक गिबनच्या ‘सनसेट साँग’ने (१९३२) बोली आणि प्रमाण इंग्रजीच्या या वाटणीला पहिला मोठा धक्का दिला. ईशान्य स्कॉटलंडच्या मर्न्स भागातल्या शेतकऱ्याची मुलगी ख्रिस गथ्री पुस्तकांकडेही ओढली जाते आणि मातीकडेही. पहिले महायुद्ध तिचे गावच संपवते. गिबनने शब्द बहुतेक इंग्रजी ठेवले, पण वाक्यांना तिथल्या बोलीची चाल दिली. संवादांना अवतरणचिन्हे नाहीत. त्यामुळे गावगप्पा, ख्रिसचे मन आणि निवेदन एकाच सुरात वाहतात. वयाची ३४ वर्षे पुरी होण्याआधीच, १९३५ मध्ये, तो वारला.

म्यूरिएल स्पार्कच्या ‘द प्राइम ऑफ मिस जीन ब्रोडी’त (१९६१) बोलीचा प्रश्न फारसा येत नाही, १९३० च्या दशकातील एडिंबरोच्या मुलींच्या शाळेतली ही छोटी कादंबरी पात्रांचे भविष्य आधीच सांगून टाकते, तरी पकड सुटत नाही. अ‍ॅलस्डेर ग्रेची ‘लॅनार्क’ (१९८१) तिसऱ्या भागापासून सुरू होते आणि ग्लासगोला एका काल्पनिक शहराशी जोडते. तिची चित्रे ग्रेनेच काढली आहेत.

जेम्स केल्मनने पात्रे आणि निवेदक यांच्या भाषांमधली उरलीसुरली भिंतही पाडली. ‘हाऊ लेट इट वॉज, हाऊ लेट’मध्ये (१९९४) दारूच्या धुंदीतून जागा झालेला सॅमी पाहतो, तर पायात दुसऱ्याचेच बूट. पुढे पोलिसांशी मारामारी होते आणि कोठडीत त्याला जाग येते तेव्हा दृष्टी गेलेली असते. सारे निवेदन ग्लासगोच्या कामगारवस्तीच्या भाषेत, शिव्यांसकट. बुकर पारितोषिक मिळताच वादळ उठले. एका परीक्षकाने उघडपणे निषेध केला. शिव्या मोजणाऱ्या टीकाकारांना भाषेची लय ऐकूच आली नसावी. अर्विन वेल्शच्या ‘ट्रेनस्पॉटिंग’ने (१९९३) एडिंबरोच्या लीथ या बंदरभागाची बोली छापील पानावर आणली, तिचे स्पेलिंग डोळ्यांना बोचते, मोठ्याने वाचले की उलगडते.

नव्या पुस्तकांत ग्रॅम मॅक्रे बर्नेटची ‘हिज ब्लडी प्रोजेक्ट’ (२०१५) हॉगच्या वाटेने जाते: १८६९ मधील खून, आरोपीचा जबाब आणि त्यावर शंका आणणारी कागदपत्रे. डग्लस स्टुअर्टच्या ‘शगी बेन’ला २०२० चे बुकर मिळाले. १९८० च्या दशकातील ग्लासगो, दारूत बुडत चाललेली आई आणि तिला सांभाळू पाहणारा मुलगा. केल्मनला मानणाऱ्या स्टुअर्टचा निवेदक मात्र बव्हंशी प्रमाण इंग्रजीतच बोलतो; ग्लासगोची बोली पुन्हा पात्रांच्या तोंडी गेली आहे.