पार्श्वभूमी : आल्थिया मॅकनिश आणि ब्रिटनचं छापील कापड

दुसरं महायुद्ध संपलं तरी ब्रिटनमध्ये कपड्यांचं रेशनिंग १९४९पर्यंत सुरूच होतं. ते उठल्यावर लोकांना घरात, अंगावर रंग हवेसे झाले. पण तांब्याचे रूळ कोरून छपाई करायची तर एकेका डिझाइनमागे हजारो वार कापड खपायला हवं, त्यामुळे गिरण्या खपाऊ जुन्या नक्षीला चिकटून राहत. चौकटीवर ताणलेल्या जाळीतून रंग ओढायची स्क्रीन छपाई रुळली, तसं थोडकं कापड छापणंही परवडू लागलं आणि नव्या चित्रकारांना वाव मिळाला.

कापडावरची नक्षी चितारणाऱ्या आल्थिया मॅकनिश याच काळात, १९५१मध्ये, त्रिनिदादहून लंडनला आल्या. जन्म १९२४चा, पोर्ट ऑफ स्पेनचा. आई कपडे शिवायची आणि लहानगी आल्थिया तिला कपड्यांची चित्रं काढून द्यायची. लंडनला त्या आधी मुद्रणकला शिकल्या. कापडाकडे वळवलं ते शिल्पकार एदुआर्दो पाओलोत्सी यांनी. पुढे रॉयल कॉलेज ऑफ आर्ट. आधी छपाई, मग कापड, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. प्रत्येक रंगाला वेगळी जाळी लागते. ती जरा सरकली की रंगांच्या कडा जुळत नाहीत, आणि एका रंगावर दुसरा चढला की तिसराच उमटतो. हे सगळं त्यांना कागदावर चित्र काढतानाच दिसत असे. ‘हे छापता येणार नाही’ असं कारागीर म्हणाले, की कसं छापायचं ते त्या स्वतः करून दाखवत.

१९५७मध्ये पदवी मिळाली. दुसऱ्याच दिवशी लिबर्टी या प्रसिद्ध दुकानाचे आर्थर स्टुअर्ट-लिबर्टी यांनी त्यांचं काम पाहून डिझाइनं मागवली आणि लगोलग टॅक्सीत बसवून झिका ॲशर यांच्याकडे धाडलं. ॲशर यांचं कापड पॅरिसच्या बड्या फॅशनघरांत जाई.

त्यांचं सर्वांत गाजलेलं डिझाइन मात्र पडद्याच्या कापडाचं. शिक्षक एडवर्ड बॉडेन यांच्या एसेक्समधल्या घरी गेल्या असताना गव्हाच्या शेतातून चालताना त्यांना त्रिनिदादचे उसाचे मळे आठवले. (त्याच मळ्यांत १८४५पासून भारतातून नेलेले करारबद्ध मजूर राबले होते.) त्यातून ‘गोल्डन हार्वेस्ट’ उभं राहिलं. हल ट्रेडर्स या कापड कंपनीने ते १९५९मध्ये कॉटन सॅटिनवर छापलं. ओंब्या इंग्लंडच्या, पण पिवळ्या-नारिंगीवर गडद रेघांचा तो दाट गुंता उष्ण प्रदेशातला. १९७०च्या दशकापर्यंत ते विकलं जात होतं.

पुढे ‘ओरियाना’ जहाजासाठी भित्तिचित्रं झाली. १९६६च्या त्रिनिदाद दौऱ्यासाठी राणी एलिझाबेथ यांच्या पोशाखांचं कापडही त्यांनीच चितारलं. एवढं असूनही ब्रिटिश डिझाइनच्या इतिहासात त्यांचं नाव बरीच वर्षं कडेलाच राहिलं, आणि ही उपेक्षा मला अन्यायाची वाटते. लंडनच्या विल्यम मॉरिस गॅलरीत त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं ते २०२२मध्ये. मॅकनिश एप्रिल २०२०मध्येच गेल्या होत्या.