न बघता चालवायचा टचस्क्रीन

बटणांच्या मोबाइलवर अंध माणसाचं फारसं अडत नसे. ५ च्या बटणावर बारीक उंचवटा असायचा. तो बोटाला लागला की बाकीचे आकडे आपोआप सापडायचे. नोकियाच्या सिम्बियन फोनमध्ये ‘टॉक्स’ नावाचं सॉफ्टवेअर विकत घेऊन घातलं, तर मेसेजही वाचून दाखवले जात. २००७ साली आयफोन आला आणि बोटाखाली गुळगुळीत काच उरली. तिच्यावर चाचपडायचीही सोय नव्हती. बोट लावलं की काहीतरी उघडायचं, नाहीतर भलत्यालाच फोन लागायचा.

अडचणीचं मूळ इथंच होतं. शोधणं आणि दाबणं या दोन क्रिया काचेवर एकच होऊन बसल्या होत्या.

त्या पुन्हा वेगळ्या कशा करायच्या, याचा एक मार्ग वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये ‘स्लाइड रूल’ या प्रयोगातून दाखवला. एक बोट काचेवर फिरवायचं, त्याखाली जे येईल ते ऐकायचं आणि हवं ते सापडलं की दुसऱ्या बोटाने टॅप करायचं. पुढच्याच वर्षी, जून २००९ मध्ये, आयफोन ३जीएसमध्ये व्हॉइसओव्हर हे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर आलं. त्यात एकदा स्पर्श केला की नाव ऐकू येतं. ते उघडायला डबल टॅप करायचं, तेही काचेवर कुठेही. उजवीकडे स्वाइप केलं की पुढची गोष्ट, डावीकडे केलं की मागची. हे सगळं फोनमध्येच होतं, वेगळे पैसे मोजावे लागत नव्हते. माझ्या मते हा बदल तंत्राइतकाच मोठा होता.

अँड्रॉइडच्या बाजूने हे काम करणाऱ्यांत टी. व्ही. रामन होते. ते पुण्यात वाढले. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. पुणे विद्यापीठ, आयआयटी मुंबई, मग कॉर्नेलमध्ये पीएचडी आणि २००५ पासून गूगल, असा त्यांचा प्रवास. चार्ल्स चेन यांच्यासोबत त्यांनी केलेल्या डायलरची, म्हणजे नंबर लावायच्या सोयीची, कल्पना मला आजही थक्क करते: बोट काचेवर जिथे टेकेल, तिथेच ५! वर सरकवलं की २, खाली ८, तिरकं वर डावीकडे १. उंचवटा शोधायचीसुद्धा गरज नाही. आकडा चुकला तर फोन हलवायचा, की तो पुसला जाई.

टॉकबॅक हे अँड्रॉइडचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही २००९ चंच, पण सुरुवातीला ते चालवायला फोनवर ट्रॅकबॉल किंवा बटणं लागत. काचेवर बोट फिरवून ऐकण्याची सोय अँड्रॉइड ४.० मध्ये, २०११ साली आली. (घरात कुणाच्या हातून टॉकबॅक चुकून सुरू झालं तर फोन बिघडला असं समजू नका. बहुतेक फोनवर आवाजाची दोन्ही बटणं एकदम तीन सेकंद दाबून धरली की ते बंद होतं.)

फोन बोलू लागला, तरी अ‍ॅप बनवणाऱ्याने बटणाला नावच दिलं नसेल तर तो काय सांगणार? ते बटण कशाचं, हे कळतच नाही. बँकेच्या ई-केवायसीत, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणीत, तर कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करायला सांगत. अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन याचिकाकर्त्यांनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला आणि उघडझापेला पर्याय देण्याचे आदेश दिले.