रेड हाऊस बघायला येताय? मग एवढं वाचून घ्या

नमस्कार मंडळी! आमच्या लंडन टूरमध्ये बेक्सलीहीथचं रेड हाऊस दिसलं की बरेच जण विचारतात, हा काय राजवाडा आहे का. नाही हो, विटांचं घर आहे. पण अमेरिकेतल्या क्राफ्ट्समन घरांचं (म्हणजे साधी, हाताच्या कारागिरीवर भर देणारी घरं) आजोळ म्हणा हवं तर, कारण तिकडचा फर्निचरवाला गुस्ताव स्टिकली याने १९०१ मध्ये 'द क्राफ्ट्समन' मासिक काढलं तेव्हा पहिला अंक अख्खा विल्यम मॉरिस या इंग्रज कवी आणि डिझायनरवर होता आणि हे घर त्याच मॉरिसचं.

मॉरिस पंचविशीतला, नुकतंच जेनशी लग्न झालेलं (१८५९), घरच्या तांब्याच्या खाणीच्या शेअर्समधून पैसे येत होते म्हणून चिंता नाही. आर्किटेक्ट म्हणजे त्याचा दोस्त फिलिप वेब, स्वतंत्रपणे केलेलं हे त्याचं पहिलंच घर. तेव्हा तिकडच्या श्रीमंत घरांना बाहेरून गुळगुळीत प्लास्टर असायचं आणि यांनी लाल विटा उघड्याच ठेवल्या, आपल्याकडे कुणी म्हणालं असतं पैसे संपले वाटतं! एल आकाराचं घर, उतरतं कौलारू छप्पर आणि अंगणात टोपीसारख्या छपराची विहीर. बागेतली सफरचंदाची झाडं शक्यतो वाचवून बांधलंय.

आत गेलात की छताकडे नक्की बघा. ओल्या प्लास्टरवर बारीक बारीक भोकं पाडून नक्षीचा आराखडा केलाय आणि मग त्यावरून हाताने रंग भरलाय, काही ठिकाणी ती भोकं अजून दिसतात. रंगवायला माणसं लावली नव्हती, दर वीकेंडला मित्रमंडळी यायची आणि कामाला लागायची. वरच्या बैठकीच्या खोलीत मॉरिसचा चित्रकार मित्र बर्न-जोन्स याने भिंतीवर लग्नाच्या जेवणाचं चित्र काढलंय, त्यातले नवरा-नवरी म्हणजे मॉरिस आणि जेनच. या सगळ्या उद्योगातूनच १८६१ मध्ये त्यांची सजावटीची कंपनी निघाली, आणि बागेतल्या गुलाबाच्या जाळीवरून मॉरिसने १८६२ मध्ये ट्रेलिस वॉलपेपर काढला, त्यातले पक्षी मात्र वेबचे.

आता खरं सांगायचं तर घर राहायला तितकं सुखाचं नव्हतं. मुख्य खोल्या उत्तरेकडे तोंड करून, म्हणजे थंडीत विचारू नका, आणि लंडनला रोज जाऊन येण्यात दिवस जायचा. बर्न-जोन्स कुटुंबानेही इथेच राहायला यावं म्हणून आणखी एक विंग बांधायचं ठरत होतं, पण १८६४ मध्ये त्यांच्या घरी आजारपण आलं, नवं बाळ गेलं, इकडे मॉरिसने सांधेवाताच्या तापाने अंथरूण धरलं आणि बेत बारगळला. १८६५ मध्ये मॉरिस मंडळी लंडनला गेली, पुढच्या वर्षी घर विकलं. जेमतेम पाच वर्षं राहिले. दोन्ही मुली इथेच जन्मल्या, पण मॉरिसने नंतर इथे पाऊल म्हणून टाकलं नाही.

पुढच्या मालकांपैकी चार्ल्स होम लक्षात ठेवा, ते १८८९ मध्ये आले आणि १८९३ मध्ये त्यांनी 'द स्टुडिओ' हे कलेचं मासिक सुरू केलं. नंतर १९५२ पासून आर्किटेक्ट टेड हॉलंबी आणि त्यांच्या कुटुंबाने घर मनापासून सांभाळलं. २००३ मध्ये नॅशनल ट्रस्टने (जुन्या वास्तू जपणारी तिथली संस्था) घेतलं आणि त्यानंतर एका बेडरूममध्ये कपाटामागे झाकलेलं भिंतीचित्र सापडलं, आदम-ईव्ह, नोहा वगैरे.

स्टेशनपासून थोडं चालायचंय, आरामाचे बूट घाला. आणि स्वेटर असू द्या, उत्तरेकडच्या त्या खोल्या अजून तिथेच आहेत!